लुजैनच्या कानांचा भाव

"सोमवारी दोनशे दहा दिनार, आज दोनशे चौसष्ट. तीन दिवसांत सोन्याचं झालं का ते?" शेजारची विदाद माझ्या कानाशी पुटपुटली. भात भरायला आम्ही माझ्या स्वयंपाकघरात कोवळे भोपळे कोरत होतो. ती तर नरडं कापावं तशी कोरत होती.

ते म्हणजे श्रवणयंत्र, तिच्या सात वर्षांच्या लुजैनसाठी. आमच्याकडे आठवडा रविवारी उघडतो; येत्या रविवारी शाळा सुरू. गेल्या वर्षी 'हिचं लक्ष नसतं' म्हणून बाईंनी पोरीला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. यंत्र दुकानात मिळत नाही, फक्त कंपनीच्या अ‍ॅपवर.

आम्हा अम्मानच्या बायकांना खरेदी शिकवावी लागत नाही. आधी बहीण भाव विचारून येते, मग जाऊ, मग शेजारीण. प्रत्येक बाई नाक मुरडून परत फिरते. चौथीपर्यंत दुकानदार वरमतो. इमारतीतल्या अकरा जणींनी फोनवरही तेच केलं. यंत्र अ‍ॅपवरच्या टोपलीत टाकायचं आणि रुसून सोडून द्यायचं. रोज. कंपनी काही वरमली नाही.

माझा मुलगा बासिल त्याच कंपनीत, भाव ठरवणाऱ्या विभागात आहे. हे सगळ्यांना ठाऊक. माझा चहा पिताना त्याचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. मीही नाही.

तेवढ्यात तोच आला. विदादने फोन त्याच्यापुढे धरला.

"अहो मावशी, एवढ्या जणी एकदम बघायला लागल्या की यंत्रणेला वाटतं, इथे मागणी आहे. मग ती थोडं थोडं वाढवून बघते, किती जण टिकतात ते. चाचणी असते. पंधरा दिवसांत उतरेलही."

"आणि रविवारी काय करू?"

"यात माणूस नसतो, मावशी. आपोआप होतं सगळं."

"दुकानदार निदान माझ्या तोंडाकडे बघून लुटतो रे!" विदादने सुरी आपटली.

चहाला आलेली वरच्या मजल्यावरची सिहाम कपातली कधीच विरघळलेली साखर ढवळत राहिली.

दारात लुजैन पाठमोरी बसून बाहुलीची वेणी घालत होती. मी हाक मारली. वळली नाही. मी पुन्हा मारली, मोठ्यानं.

मग मी मुलाकडे वळले.

"बासिल, हा भाव तू वाढवलास. थोडं थोडं वाढवून बघ, हे त्या यंत्रणेला तूच शिकवलंस. ईदला याच टेबलाशी बसून फुशारकीनं सांगत होतास, आणि मी मेली तुला शाबासकी देत होते."