शेवटच्या दहा मण्यांचा मान

रोजच्या जपमाळेचं शेवटचं दशक स्वतःकडे ठेवण्यात टाइमकीपरांचा फायदा एकच होता: शेवटचा शब्द. आणि संप सुरू झाल्यापासून त्या घरात शेवटच्या शब्दाला सोन्याचा भाव आला होता.

माणसं पाच, माळेतले दहा-दहा मण्यांचे भागही पाच. दशक सुरू करण्याआधी ज्याने त्याने देवाकडे एक मागणी मोठ्याने सांगायची, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, मग मणी सरकायचे. आधी नात, मग सून, मग बायको, मग मुलगा आणि शेवटी घरचा कर्ता. भिंतीवर माळांचे खिळेही त्याच क्रमाने. जेवताना राजकारण काढायचं नाही असा बायकोने दंडक घातला, तेव्हापासून सगळं राजकारण गुडघ्यांवर आलं. प्रार्थनेत कोणी कोणाला मध्येच तोडत नाही, ही सोय बापलेकांनी बरोबर हेरली होती.

डेपोतल्या बसगाड्या ठेकेदाराला चालवायला द्यायचं सरकारने ठरवलं आणि ड्रायव्हर संपावर गेले. मुलगा त्यांच्यातला पुढचा. वडील त्याच डेपोत टाइमकीपर. ते रोज वेळेवर जाऊन बसत आणि न सुटलेल्या गाड्यांच्या सुटायच्या वेळा फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत. टीव्हीवरच्या बातम्यांत देश पुढे चालला होता. फळ्याने मागे राहून कसं चालेल?

त्या सकाळी ठेकेदाराची पहिली गाडी पोलिसांच्या पहाऱ्यात सुटली. शिट्टी टाइमकीपरांनीच दिली. फाटकात आडवे झालेल्यांना पोलिसांनी उचलून पोत्यांसारखं बाजूला ठेवलं. त्यात एक पोतं त्यांच्या घरचं होतं.

संध्याकाळी पाचही जण गुडघे टेकून बसले.

“माझा पुढचा दात सरळ येऊ दे,” नात म्हणाली.

“आमेन.”

सुनेने घरात शांतता मागितली. आमेन. बायको म्हणाली, “माझ्या गुडघ्यांना बळ दे आणि या दोघांच्या जिभांना लगाम.” नात खुदकन हसली. आमेन.

मुलाची पाळी आली. “ज्याने तीस नाण्यांसाठी आपला माणूस दाखवून दिला, त्याला क्षमा कर. आणि ज्याने नुसत्या शिट्टीसाठी दिला, त्यालाही.”

आमेन झालं, पण पडल्या आवाजात. दहा मण्यांचे दहा ‘नमो मरिये’ उतारावरच्या गाडीसारखे धावले.

टाइमकीपरांनी दिवसभर घोळवलेली मागणी साधी होती: संप मिटू दे. पण भर प्रार्थनेत येशूला पकडून देणारा यहुदा म्हणवून घेतल्यावर साधं मागायला मन राजी होईना. आणि नंतर उत्तर द्यायला कोणी नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

“ज्यांना या घराचं छप्पर टोचतं,” ते म्हणाले, “त्यांना, प्रभो, दुसरं छप्पर लवकर मिळू दे.”

जन्माची सवय. कानाआधी तोंड बोललं. “आमेन!” नातीचं सगळ्यात मोठं, सुनेचं अर्धंमुर्धं, बायकोचं नेहमीचं. ते उच्चारून झाल्यावर बायकोचा हात तोंडावर गेला.

मुलाने मान वर केली. वडिलांकडे नीट पाहिलं.

“आमेन,” तो म्हणाला.

सकाळी ट्रंक बाहेर निघाली.

“अरे, रागाच्या भरात बोलले ते!” आई म्हणाली.

“बोलले नाहीत गं, मागितलं. आणि तूही आमेन म्हणालीस.”

“मेलं माझ्या तोंडाला वळण पडलंय ते!”

“देवाला काय ठाऊक, कुठलं वळणाचं आणि कुठलं मनातलं?”

टाइमकीपर दारात मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. ‘राहा’ ही दोन अक्षरं ओठांपर्यंत आली होती. पण त्यावर मुलगा काय म्हणेल, याची खात्री नव्हती. नात रिक्षातून हात हलवत होती. तिला वाटलं, फिरायला चाललोय.

संप मोडला. संपवाल्यांना काढून टाकलं. मुलगा दुसऱ्या गावी ट्रक चालवू लागला. त्याचा फोन येई, पण वडील कामावर असताना.

टाइमकीपर चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले. फादरांनी विचारलं, “कोणतं पाप घडलं?”

“प्रार्थना केली, फादर.”

फादरांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

आता पाच दशकं दोघांत वाटली गेली. नातीचं दशक बायको म्हणते. अजूनही दाताचंच मागते, आणि टाइमकीपर खणखणीत आमेन म्हणतात. शेवटी त्यांची पाळी येते. “मुलाला घरी आण,” ते म्हणतात आणि थांबतात. पलीकडून काही येत नाही.

एकदा त्यांना राहवलं नाही. “अगं, आमेन म्हण की!”

“नाही म्हणणार.”

“देवावर रागावलीस?”

“देवावर कशाला रागावू? तो ऐकतो हो. म्हणूनच तर धास्ती वाटते. तुमच्या मागण्यांना आता माझी साथ नाही.”

“मग तू तरी माग त्याच्यासाठी.”

“मागते ना. मनातल्या मनात. तिथे शेवटचा नंबर तुमचा नसतो.”

हल्ली टाइमकीपर मागणी सांगतात, जरा वाट बघतात आणि आमेनही आपणच म्हणतात.

जमाखर्च मांडला तर फाटक ठेकेदाराला मिळालं आणि शेवटचा शब्द टाइमकीपरांना. दोन्हींची किंमत भरली ती त्या फाटकाकडे कधी फिरकल्याही नव्हत्या अशा तिघींनी. पाच खिळ्यांपैकी दोन रिकामे आहेत. पहिल्यावर नातीची निळ्या मण्यांची माळ घाईत राहून गेली. बायको ती रोज पुसते आणि पुन्हा तिथेच अडकवते, लहान हात पोचावा म्हणून खाली ठोकलेल्या त्या खिळ्यावर. त्यासाठी तिला दुखऱ्या गुडघ्यांनी वाकावं लागतं.