उजव्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात खोट आहे असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. डोळे टपोरे, सरळ. घरभर गरागरा फिरते म्हणून नाव पडलं भिंगरी. पण शाळेतल्या तपासणीत डावा डोळा झाकला तर तिनं धडाधड वाचलं, आणि उजवा झाकला तर हात ढकलून रडायला लागली.

"तिरळा असता तर तुमच्या आधीच लक्षात आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी जन्मतः मोतीबिंदू असतो, तोही नाही. डाव्याचा नंबर फार मोठा आहे. धूसर दिसतं, म्हणून मेंदू त्याचं ऐकतच नाही. आळशी डोळा म्हणतात याला. चष्मा द्या आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा. लहान आहे तोवर सुधारेल, पुढे अवघड."

माझे सासरे घड्याळं दुरुस्त करतात. उजव्या डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं.

"मी एका डोळ्यावर घर चालवलं. पोरीला कशाला छळतेस?"

"छळणार, बाबा," मी म्हटलं.

दुपारी भिंगरीला पट्टी लावून मी त्यांच्या दुकानात सोडायची आणि कामावर जायची. तीन महिने झाले, तरी तपासणीत एक ओळ पुढे सरकली नाही. पट्टी नीट लागते ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून मध्येच उठून दुकानात गेले. भिंगरी मजेत चित्र रंगवत होती. पट्टी डाव्या डोळ्यावर.

"दुखऱ्या डोळ्याला आराम नको?" सासरे शांतपणे म्हणाले. "बिघडलेलं घड्याळ मी काचेखाली झाकूनच ठेवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तो डोळा घड्याळ नाही, बाबा. झाकून ठेवलात तर कायमचा बंद पडेल."

मी ती पट्टी काढून टाकली आणि पर्समधली नवी तिच्या उजव्या डोळ्यावर लावली. तिनं भोकाड पसरलं. सासरे ती काढायला उठले, तशी मी दुसरी पट्टी काढली आणि गिऱ्हाइकासमोर सरळ त्यांच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली. आठ वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाजही चढवला नव्हता. पण आता माघार घ्यायची नव्हती.

सासरे तसेच खाली बसले. भिंगरी रडायची थांबली, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि त्यांचा अवतार बघून हसू लागली, आवाज न करता, तोंडावर हात ठेवून.

त्यांनी तिच्या दिशेनं तोंड वळवलं, डावा डोळा बारीक केला. मग मला विचारलं, "रडतेय का अजून?"

भिंगरी तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर हसत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"डाव्यानं लहानपणापासून असंच धूसर," ते म्हणाले. "माझ्यासाठी कुणी भांडलं नाही."

"मग मला भांडू द्या."