गुडघाभर चिखलाची चूक

चिखलातलं मला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. चाळीस वर्षं मी ओहोटीला कांदळाच्या मुळांमध्ये शिरते आणि कोपरापर्यंत हात घालून काळे शिंपले काढते. आमच्या पुएर्तो मांसोच्या बायका चिखल पायानं ओळखतात. पाय गुडघ्यापर्यंत गेला की चिखल चांगला, तिथे शिंपले असणारच. घोट्यापाशी अडला की पुढे चालू लागायचं. हे मी आईकडून शिकले, आणि ह्याच शहाणपणापायी मी आमची खाडी जवळजवळ घालवली होती.

गावामागे कोळंबीचं मोठं तळं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तिथलं कांदळवन तोडून, चारी बाजूंनी बांध घालून एका मालकानं ते केलं. मग कोळंबीवर रोग पडला आणि तो सगळं टाकून पळाला. सहा वर्षं भांडल्यावर पर्यावरण खात्यानं आमच्या बायकांच्या संघटनेला कागद दिला. तीन वर्षांत तळ्यात कांदळवन उभं करा, मग तळं आणि त्याला लागून असलेली सगळी खाडी दहा वर्षं तुमच्या राखणीत. नाही जमलं तर कोळंबीवाले दुसरे एक सेन्योर ओल्मेदो अर्ज घेऊन बसलेच होते. त्यांना तिथे पुन्हा कोळंबी करायची होती आणि खाडीच्या तोंडाला फाटक बसवायचं होतं. फाटक लागल्यावर आम्ही साठ बायकांनी जायचं कुठे? शहरात जाऊन दुसऱ्याची कोळंबी सोलत बसायचं, दुसरं काय.

संघटनेची अध्यक्ष मी, म्हणून जागाही मीच निवडली. तळ्याच्या मधोमध, जिथे पाय मांडीपर्यंत जातो असा लोण्यासारखा चिखल. कांदळाच्या लांब शेंगा होड्या भरभरून आणल्या आणि ओळीनं चार हजार खोचल्या. चार महिन्यांत त्या काळ्या पडून कुजल्या. मी म्हटलं, शेंगा कोवळ्या होत्या. दुसऱ्या वर्षी चांगल्या पिकलेल्या निवडून आणल्या आणि पुन्हा तिथेच लावल्या. त्याही कुजल्या.

धक्क्यावरच्या पुरुषांना चघळायला विषय मिळाला.

"बेल्हिका, शेंगा लावायच्या आधी उकडतेस का गं?" होड्या दुरुस्त करणारा वॉशिंग्टन विचारायचा. "नारळाचं दूध घालून बघ. निदान जेवण तरी होईल."

"तू दुरुस्त केलेल्या होड्या बुडतात, तेवढ्या झटपट नाही मरत माझी रोपं," मी सुनवायचे. पण घरी आल्यावर मला घास जायचा नाही. साठ घरांचं पोट माझ्या भरवशावर होतं आणि चूक कुठे होतेय ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा शेंगा भरून निघालो, तेव्हा दिग्ना मावशी न विचारता होडीत येऊन बसली. ही माझ्या आईची मैत्रीण. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेल्यामुळे नऊ वर्षं तिनं चिखलात पाय घातला नव्हता. डासांना पळवायला म्हणून चिरूट ओढते, आणि डास नसले तरी ओढते.

बांधाच्या कोपऱ्याशी आल्यावर ती म्हणाली, "थांबव होडी. ही कोणी लावली?"

उधाणाच्या पाण्यानं कोपऱ्यावर बांध थोडा फुटला होता. त्या भगदाडाच्या आत, काठालगत, वीसेक रोपं ताठ उभी होती.

"कोणी नाही, मावशी. आपोआप आलीत."

"म्हणजे तुझ्यापेक्षा शेंगांना जास्त कळतं."

होडीतल्या बायका खुदखुदल्या. माझं डोकं फिरलं. "तिथला चिखल कडक आहे. कसल्याच कामाचा नाही. तूसुद्धा जन्मभर तिथून पुढेच गेलीस ना?"

"शिंपल्यांसाठी गेले. तू आत्ता झाडं लावतेयस की शिंपले काढतेयस?"

"पण मऊ चिखलात..."

"मऊ चिखल केला कोणी, बाये? झाडांनी केला. म्हाताऱ्या झाडांखाली पानं कुजून कुजून होतो तो. तू तान्ह्या पोराला आणून आजोबाच्या खुर्चीत बसवतेयस. वर ह्या बांधामुळे पाणी जागचं हलत नाही. साचलेल्या पाण्यात रात्रंदिवस बुडवून ठेवलंस तर मीसुद्धा कुजेन."

मी होडीतून उतरले. पाय घोट्याशी अडला. एक रोप धरून हलवलं, ते तसूभरही हललं नाही. ज्या चिखलावरून मी चाळीस वर्षं नाक मुरडून पुढे गेले होते, त्याच्यात ते पाय रोवून उभं होतं. मला लाज वाटली आणि सगळ्या बायकांसमोर मी ती कबूल केली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "दोन वर्षं चुकलं."

"बरं झालं. आता चढ होडीत आणि ऐक," मावशी म्हणाली.

हातात चौदा महिने उरले होते. ज्या दोन ठिकाणी जुन्या खाड्या तळ्याच्या जागेत शिरायच्या, तिथेच बांध फोडायचा असं ठरलं. त्या खाड्यांची नावं काणी आणि उसासा. कुठल्याही नकाशात त्या नव्हत्या, बांधाखाली गाडल्या गेल्या होत्या. मावशीनं होडीत बसून हनुवटीनं जागा दाखवली.

"नक्की इथेच?" मी विचारलं.

"उसासा इथूनच जायची. शिंपले काढता काढता माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या कळा इथे सुरू झाल्या. ही जागा मी विसरेन होय?"

आम्ही मिंगा पुकारली. मिंगा पुकारली की घरटी एक माणूस आपलं फावडं घेऊन येतं, आणि जेवणाचं बघणारा मिंगा बोलावणारा. भांगाचे सहा दिवस निवडले. तेव्हा भरतीला जोर नसतो आणि शिंपलेही फारसे निघत नाहीत, त्यामुळे कोणाचा रोज बुडत नाही. मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधातली मासळी आणि हिरवी केळी शिजत होती.

"मी फक्त जेवायला आलोय," वॉशिंग्टन फावडं खांद्यावर टाकून म्हणाला, आणि सहाही दिवस त्यानं दोन माणसांचं काम केलं. मी त्याला माशाचा मोठा तुकडा वाढला, पण तोंडानं कौतुक केलं नाही. डोक्यावर चढून बसला असता.

उधाणाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पाणी आलं. आधी बोटभर जाडीची तपकिरी धार आली. मग ती रुंदावली, कडेची माती धपाधप पडू लागली, आणि पाण्यानं बांधाला आम्ही खणलं होतं त्याहून मोठं तोंड पाडलं. आत शिरल्यावर ते सरळ जाईल असं मला वाटलं होतं. पण मावशीनं सांगितलं होतं तिथेच ते डावीकडे वळलं आणि आपल्या जुन्या वाटेनं चालू लागलं. बांधावरच्या शंभर-दीडशे माणसांसमोर मी ढसाढसा रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर काही लावायचं नाही, असा मावशीचा हुकूम होता. हे मला सगळ्यांत जड गेलं. हात नुसते बसत नाहीत माझे. दर ओहोटीला मी बांधावर जाऊन उभी राहायचे आणि मावशी म्हणायची, "घरी जा, पोरी. पातेल्यात डोकावून डोकावून भात लवकर होत नाही." आधी खेकडे आले. मग बगळे. मग पावसाळ्यात भरतीबरोबर शेंगा तरंगत आल्या, कडक चिखलात जागोजागी अडकल्या आणि उभ्या राहिल्या. मी मोजत होते. दोनशेनंतर मोजणं सोडून दिलं.

तपासणीच्या दिवशी खात्याच्या इंजिनियर यादिरा आल्या. अर्जदार म्हणून सेन्योर ओल्मेदोही आले. इंजिनियरच्या नकाशात लागवड तळ्याच्या मधोमध दाखवली होती आणि मधोमध नुसता चिखल होता.

"बघून घ्या," ओल्मेदो म्हणाले. "तीन वर्षं गेली, एक काडी नाही."

"काठाला चला," मी म्हटलं.

इंजिनियरनी दहा मीटरचा दोरीचा चौकोन टाकला. नियमाप्रमाणे त्यात पंचवीस जिवंत रोपं लागत होती. त्यांनी मोजली, मान हलवली आणि पुन्हा मोजली. एकसष्ट. पुढच्या चौकोनात चौऱ्याहत्तर. काणीच्या तोंडाशी तर दोरी टाकायला जागा होईना.

"पण ही ह्यांनी लावलेलीच नाहीत," ओल्मेदो म्हणाले.

"एकही नाही," मी म्हटलं.

"कागदात 'कांदळवन उभं करा' असं आहे," इंजिनियर लिहिता लिहिता म्हणाल्या. "हे उभं आहे."

ओल्मेदोंचा चेहरा उतरला, पण माणूस हटणारा नव्हता. "वर्षभरात मरेल हे सगळं. इथला चिखल मेलेला आहे, इंजिनियर. कोळंबीची औषधं ओतलीत त्याच्यात. ह्यात काही जगत नाही."

"हात घालून बघ," होडीतून मावशी म्हणाली.

"मी?"

"तूच. आम्ही शिंपला काढला तर म्हणशील, बाहेरून आणून टाकला."

इंजिनियरनी वही मिटली. "हरकत काय आहे, सेन्योर? जागा तुम्ही निवडा."

ओल्मेदोंनी बरीच शोधाशोध करून उसासाच्या पात्रातली जागा निवडली. घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही वर केली आणि चिखलात हात घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आमच्या बायका पुढे सरकून बघत होत्या. मीही. तिथे काय आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. शिंपले आलेत की नाही हे बघायचा धीर मला वर्षभर झाला नव्हता.

त्यांचा हात थांबला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळव्यावर अंगठ्याच्या नखाएवढा काळा शिंपला होता, घट्ट मिटलेला, जिवंत. पंचवीस वर्षांनी त्या जागेत निघालेला पहिला.

इंजिनियरनी होडीच्या फळीवर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली. खाडी आमची झाली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि वॉशिंग्टननं टोपी काढली. ओल्मेदो मात्र हातातल्या शिंपल्याकडे बघत तसेच उभे होते.

"साडेचार सेंटिमीटरच्या आतला काढायचा नसतो," मावशी त्यांना म्हणाली. "जिथून काढलास तिथे ठेव."

त्यांनी इंजिनियरकडे पाहिलं.

"नियम आहे, सेन्योर," इंजिनियर म्हणाल्या.

ओल्मेदो पुन्हा वाकले, कोपरापर्यंत हात घातला आणि शिंपला परत ठेवला.