शिडी कुणाकडे आहे?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझा एक पाय जरा आखूड. मला घडवणारे सुतारदादा गप्पा मारत मापं घ्यायचे, त्याचा हा प्रसाद! त्यामुळे कुणी वर चढलं, की दुसऱ्या कुणाला तरी मला धरून उभं राहावंच लागतं.

आमची गल्ली छोट्या छोट्या कारागिरांची. सगळ्या गल्लीत शिडी म्हणजे मी एकटीच. आज शिंपीणबाईंकडे, उद्या घड्याळवाल्यांकडे, असा माझा मुक्काम हलायचा. "शिडी कुणाकडे आहे?" असं विचारत माणसं दारोदार फिरायची. मी काय भाव खायचे म्हणून सांगू!

परगावाहून येऊन गल्लीत दुकान थाटलेल्या एका मुलीला सगळे खटपटी म्हणत. तिच्या आईला फार वेळ उभं राहवत नसे. म्हणून खटपटी पिशवीत मावणारी घडीची खुर्ची बनवत होती. खुर्ची उघडायची झकास, पण मिटताना बोटं चेपायची. वर्षभर डोकं लढवून ती थकली. शेवटी गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि दुकानाची पाटी उतरवायला मला शोधत निघाली. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा मी छत्रीवाल्या काकांकडे होते. काका माझ्यावर चढून छताला छत्र्या टांगत होते. त्यांनी तिला जरा शिडी धरायला सांगितलं. अडकली बिचारी! उभ्या उभ्या ती नाकासमोर लोंबणारी छत्री उघडू-मिटू लागली. मग एकदम म्हणाली, "काका, हिच्या सगळ्या काड्या एकाच कडीबरोबर सरकतात. हात कडीवरच राहतो, म्हणून बोट मधे येतच नाही!"

काका खाली उतरले. दोघांनी छत्री सोडवून जमिनीवर मांडली. मला न्यायला आलेल्या शिंपीणबाईही तिथेच बसल्या आणि खुर्चीच्या बैठकीला जाड पट्टा सुचवू लागल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तरी मी खूश होते. पाटी जागच्या जागी राहिली.

खुर्ची जमली, खपू लागली. आई गल्लीत ऐटीत बसू लागली. पुढे बाजारात हलक्या ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या आणि मी धूळ खात पडले. घड्याळवाल्यांनी खटपटीलाही तशीच एक घ्यायला सांगितली. ती म्हणाली, "नको काका. घरात शिडी आली, तर मी तुमच्याकडे कशाला येईन?"

मित्रांनो, शहरात उंच इमारती खुशाल बांधा. नवं काही करू पाहणारी माणसं येतीलही. पण ती राहावीत असं वाटत असेल, तर एकमेकांच्या दारात जायला काहीतरी निमित्त ठेवा. माझ्या पायऱ्या घट्ट करा, मला तेलपाणी करा. फक्त कुणा एकाच्या घरात कोंडू नका.