सासूबाईंचं विरजण

छोट्या दूधधंद्यांना सरकारी मदतीतून दूध तापवायचं यंत्र मिळणार असं कळलं, तेव्हापासून दोघी जावांच्या अंगात वारं शिरलं होतं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्यांचा दह्याचा धंदा. थोरली दूध आणायची, तापवायची, धाकटी विरजायची. विरजण मात्र सासूबाईंचं. रोजच्या दह्यातलं थोडं मातीच्या बुडकुल्यात बाजूला काढून त्यांनी ते जन्मभर जपलं, त्यांच्यामागे या दोघींनी.

"म्हातारी गेली, पण बुडकुल्यातून डोळे वटारून बघतेय," थोरली म्हणायची.

साहेब खोल्या बघायला यायचे होते. त्यांच्या पसंतीवर सगळं अडलेलं. साफसफाईपायी दोन दिवस दही लावणंही बंद होतं. त्या सकाळी थोरली पुन्हा दही लावायचं म्हणून दुधाला गेली. धाकटीनं फरशी घासली, भिंती पुसल्या आणि तिची नजर कोपऱ्यातल्या काळ्याकुट्ट बुडकुल्यावर गेली. हे साहेबांनी पाहिलं तर? तिनं ते मोरीत उपडं केलं, कढत पाणी ओतलं, साबणाची पूड टाकून लख्ख घासलं.

"विरजण कुठलं वापरता?" साहेबांनी आल्याआल्या विचारलं.

"आता तुम्ही द्याल ते, पाकिटातलं. जुनं सगळं टाकून दिलं बघा," ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

साहेब बघतच राहिले. "अहो बाई, यंत्र दुधासाठी. विरजण तुमचंच ठेवायचं होतं. तुमच्या दह्याचं नाव ऐकून तर आलो मी."

यंत्र मंजूर करून ते गेले. थोरली आली तेव्हा धाकटी मोरीपाशीच बसलेली होती.

"सगळं ओतलंस?"

"सगळं."

थोरलीनं कॅन खाली ठेवला. "ऊठ. कुणाकडे तरी असेल."

दोघी दारोदार फिरल्या. एके काळी अर्धी गल्ली त्यांच्याच विरजणावर दही लावायची.

"घरी कोण विरजत बसतंय आता?" शिंपीण हसली. "तुमचं आयतं मिळतं ना! तुम्हीच आळशी केलंत आम्हाला. परवाचं उरलं होतं वाटीभर, ते सकाळीच मांजराला घातलं."

यंत्र आलं, विरजण पाकिटातलंच आणावं लागलं. दही घट्ट लागू लागलं, गिऱ्हाईकही वाढलं. थोरली त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला आज केस पांढरे झाल्यावरही वाटतं.

अजूनही रोज सकाळी ती पहिला चमचा थोरलीच्या तळहातावर घालते. पूर्वी थोरली चाखून तोंड वाकडं करायची. 'आज आंबटलं', 'आज लक्ष कुठे होतं बाईसाहेबांचं?' आता नुसतं "चांगलंय" म्हणते आणि हात पुसते.

"जाऊबाई, एकदा तरी नावं ठेवा हो," परवा धाकटीला राहवलं नाही.

थोरलीनं रिकाम्या तळहाताकडे पाहिलं.

"कुणाला ठेवू गं? पाकिटाला?"