अकराशे वजाबाक्या

"बाई, सारेच काळे होऊन राह्यले," बापूराव म्हणाले आणि दाराआड सरकले, जणू आतले कम्प्युटर चावतील.

बापूराव आश्रमशाळेचे शिपाई. त्यांचा फोन आल्याबरोबर चंदा दुर्गे एटापल्लीतलं आपलं झेरॉक्स आणि कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान शेजारणीवर सोपवून, स्कूटीवर अठरा किलोमीटर धुरळा खात आली होती. खोलीत बावीस कम्प्युटर. बावीसही सुरू, आतले पंखे घरघरतायत, पडदे मात्र तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट.

"काय केलं भाऊ?"

"मी काई नाई केलं जी. कम्प्युटरनंच म्हटलं, नवीन आलं, घेता का. फुकट होतं, त घेऊन टाकलं. बाविसाईले."

"पहिले एकाले घेऊन पाहाचं असते."

"एकाले द्याचं अन् बाकीच्याईले नाई? बरं दिसते का ते?"

चंदाला हसूच आलं. तिनं पहिला कम्प्युटर बंद करून सुरू केला, सुरू होताना क्षणभर दिसणाऱ्या यादीतून जुनी आवृत्ती निवडली, आणि पडदा लख्ख उजळला. म्हणजे यंत्रं धडधाकट होती. खोट नव्या आवृत्तीत होती. तिनं आपला लॅपटॉप उघडला आणि नव्या आवृत्तीत काय काय बदललं त्याची नोंद वाचायला घेतली.

ही ऑपरेटिंग सिस्टिम कुण्या कंपनीची नाही. जगभरातली माणसं मिळून ती लिहितात. कोणीही उघडावी, वाचावी, दुरुस्त करावी. शाळेला हे कम्प्युटर दानात मिळाले, तेव्हा त्यांच्यातल्या ग्राफिक्स चिपची कंपनी बुडून जमाना झाला होता आणि चिपसाठी ड्रायव्हरच नव्हता. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. डॉक्टर आणि फक्त माडिया बोली जाणणाऱ्या आजीच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगणारी नर्स असते ना, अगदी तसा. तो नसला की पडद्याला कशाचा काही पत्ता लागत नाही.

तो दुभाष्या चंदानं लिहिला. बीएस्सी अर्धवट सुटलेल्या चंदानं! चिपला एकेक आकडा पाठवायचा आणि पडदा काय करतो ते वहीत टिपायचं. कधी हिरव्या रेघा, कधी नुसत्या मुंग्या, बहुतेक वेळा काहीच नाही. चार वर्षं हेच. मग एका दिवशी तिचं काम तपासून त्या सिस्टिममध्ये घेतलं गेलं, तिच्या नावासकट.

आणि आता नोंदीत लिहिलं होतं: वापरणारं कोणी नाही, काढून टाकलं.

खाली तिच्या अकराशे ओळी होत्या. सगळ्या लाल. प्रत्येक ओळीच्या आधी वजाचं चिन्ह.

चंदा मुलांच्या बुटक्या बाकावर बसली.

"चालू झालं न? मंग तोंड काऊन असं?" बापूरावांनी विचारलं.

"माह्यं काम खोडलं भाऊ."

"कोणं खोडलं?"

"साऱ्याईनं मिळून."

"अन् विचारलं बी नाई तुले?"

विचारलं होतं. तोच तर घाव होता. जुलैत सिस्टिम लिहिणाऱ्या सगळ्यांना ईमेलनं पत्र आलं होतं: हा ड्रायव्हर कोणी वापरतं का? त्या आठवड्यात नाल्याच्या पुरात इंटरनेटची केबल वाहून गेलेली. चंदानं बसस्टँडवर भिजत उभं राहून मोबाइलवरून उत्तर दिलं होतं, 'हो, आमची शाळा वापरते.' मग कुठे गेलं ते उत्तर?

ते स्पॅममध्ये, नको असलेल्या पत्रांच्या ढिगात सापडलं. उत्तर नव्हे, ते परत आल्याची सूचना. त्या मंडळींचा नियम असा, की पत्र निव्वळ साध्या अक्षरांत हवं. ठळक अक्षरं, रंग असं काही घालून सजवलेलं पत्र यंत्रच परत पाठवतं. मोबाइलनं तिचं पत्र गुपचूप सजवलं होतं. हा नियम चंदाला पाठ होता. नवख्यांना तीच दटावून सांगायची.

"विचारलं होतं भाऊ. माह्यंच सांगणं पोचलं नाई."

बापूरावांनी माठातलं पाणी आणून दिलं.

तिनं साध्या अक्षरांत सगळी हकीकत लिहिली. तेवढ्यात शाळेची केबल बंद पडली, आणि मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. बेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, काखेत लॅपटॉप धरून ती शिडी चढली. पत्र गेलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, योनास नावाच्या परदेशी माणसाचं. सिस्टिमचा हा भाग तोच सांभाळायचा.

'चार महिने कोणी बोललं नाही, म्हणून मीच काढला. माफ करा. परत घेता येईल, पण सांभाळणार कोण? नाव हवं, आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायची हमी.'

नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी काम झालं असतं. चंदानं ते लिहिलंही. मग खोडलं आणि लिहिलं:

'नाव चंदा दुर्गे, एटापल्ली. पंधरा दिवसांची हमी देता येत नाही. पावसात इथली केबल महिना महिना बंद असते. तेव्हा मी गप्प असेन. तेवढ्यावरून इथे कोणी नाही असं समजू नका.'

पत्र पाठवून ती उत्तराची वाट पाहत टाकीवरच बसून राहिली. चढताना कळलं नव्हतं, शिडी एवढी उभी होती. खाली जेवणाची घंटा झाली, पोरं ताटं घेऊन पळाली, आणि कम्प्युटरच्या खोलीच्या दारात बापूराव आडवा हात लावून उभे राहिले.

"कोणी आत नाई जाचं," ते पोरांना सांगत होते. "बाई वरतून येईपर्यंत कोणी नाई."