कुलूपवाला साहेब

साहेब नगरहून आले ते हातात कुलूप घेऊनच. चांगलं कवठाएवढं, पितळी. दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी आणि पेटीत सातवीच्या तोंडी परीक्षेचे सरकारी कागद. आता शनिशिंगणापुरात कुलूप घेऊन येणं म्हणजे भर उन्हाळ्यात छत्री उघडून फिरणं. आणि तेही बहात्तर सालच्या उन्हाळ्यात, ढग कसा दिसतो हेच लोक विसरले होते तेव्हा!

"मास्तर, कुलूप लावता येईल अशी एक खोली द्या," साहेब म्हणाले.

राधाकृष्ण मास्तरांनी टोपी मागं सरकवून डोकं खाजवलं. गावातल्या दहा बायकांना ते वर्षभर दुपारचं शिकवत होते. आज त्या दहा जणींची परीक्षा होती, गावातल्या काकासाहेबांनी बांधलेल्या नव्या खोलीत.

"खोल्या म्हणाल तेवढ्या देतो साहेब. पण दार कुठून आणू? गावात एकाही घराला नाही. पेटी तशीच ठेवा, शनिदेवाच्या गावात कोण हात लावतोय?"

"सरकारी कागद देवाच्या भरवशावर टाकता येत नाहीत, मास्तर!"

झालं. साहेब तिथंच ओट्यावर जेवले ते पेटी मांडीवर घेऊन. ताट ठेवायला जागा उरली नाही म्हणून ताट पेटीवर. पिठलं वाढताना छबूबाईनं पदर तोंडात कोंबला, नाहीतर हसू थेट ताटात सांडलं असतं. प्लेट ऑन द बॉक्स, बॉक्स ऑन द लॅप, ती मनातल्या मनात म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढून मोकळी झाली.

छबूबाई त्या दहा जणींतलीच, तिशीतली. दुष्काळी कामावर खडी फोडून तळहाताला घट्टे पडलेले. सातवी निघाली तर गावात नवी बालवाडी होणार होती तिथं ती बाई म्हणून लागणार होती. नाही निघाली तर पुन्हा खडी. सासूनं, केशरबाईनं, स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "एकच डाव. नापास झालीस तर पाटी चुलीत आन घमेलं डोक्यावर."

बाकी विषय तिनं कधीच खिशात घातले होते. इंग्रजीतले ते ऑन, इन, अंडर मात्र गोमाशीसारखे मागं लागले. दोन महिने तिच्या तोंडून 'टेबल ऑन'च निघायचं. मग एके दिवशी गोठ्यात तिला उलगडलं. आपलं 'वर', 'खाली', 'मागं' हे नावाच्या शेपटाला लटकतं आणि इंग्रजाचं शिंगाला. बस्स! त्या दिवसापासून तिनं घर डोक्यावर घेतलं. हंडा ऑन द हेड. शेळी अंडर द बाज. सासू नियर द चूल. केशरबाई वैतागून म्हणायची, "मला मराठीतच ऱ्हाऊ दे गं!"

जेवणं झाली. साहेब खोलीत टेबलामागं बसले, नाकावर चष्मा, मान कागदात. दहा जणी बाहेर ओट्यावर. एकेकीला आत बोलवायचं, इंग्रजीत पाच हुकूम सोडायचे, तिनं तसं करून दाखवायचं. पुस्तक टेबलावर ठेव, खडू डब्यात टाक, असले. पाचवा हुकूम होता, "स्टँड बिहाइंड द डोअर."

पहिली गेली चांगुणा. पाचव्या हुकमाला तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दार कुठाय? पण साहेबाला कोण उलटं बोलणार? ती गुपचूप बाहेर येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. साहेबांनी मान वर न करता खूण केली. बरोबर! मग काय, पाठोपाठ आठ जणींनी तेच केलं.

छबूबाई शेवटची. चार हुकूम तिनं फटाफट उरकले.

"स्टँड बिहाइंड द डोअर."

छबूबाई हलली नाही.

"बाई, बिहाइंड म्हणजे काय, माहीत नाही?"

"माहीत हाय. मागं."

"मग जा की."

"कशाच्या मागं?"

"दाराच्या!" साहेबांनी न बघताच बोट केलं.

"ते भोक हाय साहेब. दार दावा, मी दिवस मावळंपर्यंत मागं हुबी ऱ्हाते."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या आधी नऊ जणी उभ्या राहिल्या."

"त्या भिंतीच्या मागं हुब्या ऱ्हाल्या. बिहाइंड द वॉल."

"असं? मग त्या नऊ जणींचेही मार्क कापावे लागतील."

ओट्यावर एकच गलका झाला. चांगुणा आत मुंडकं घालून फिसकारली, "छबे, गप बस की! आमाला बी बुडवतीस का?" केशरबाई तर तरातरा आलीच. "जा गं, हुबी ऱ्हा कुठं तरी आन चल घरी!"

छबूबाईला घमेलं डोळ्यापुढं दिसत होतं. पण वर्षभर शेळीला बाजेखालून ओढून शिकलेलं इंग्रजी तिला खोटं बोलू देईना.

"साहेब, एक इचारू? मगाशी जेवताना पेटी कुठं हुती?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"ऑन युवर लॅप हुती. अन् पेटीवर ताट. खोलीत ठिवायची, दार लावायचं, कुलूप घालायचं. का न्हाई ठिवली?"

साहेब चष्मा काढून पुसायला लागले.

"बोला की साहेब."

"दार नव्हतं," साहेब पुटपुटले.

"जेवताना नव्हतं, आन परीक्षेला उगवलं व्हय?"

ओट्यावर हशा फुटला. मास्तर खोकल्याचं निमित्त करून रांजणाकडं पळाले.

"हे बघा, कागदात छापलंय. मला बदलता येत नाही!"

"मग खोडा. बायकांनी तुमचा मान राखला, त्यांचे मार्क कापायचे न्हाईत. खोडायचाच तर प्रश्न खोडा. आमाला दुसरा इचारा, समद्यांला."

साहेब उठले. त्या भोकात उभं राहून त्यांनी गल्ली वरपासून खालपर्यंत न्याहाळली. घरामागून घर, सगळी उघडी. परत येऊन त्यांनी पाचव्या प्रश्नावर रेघ मारली. मग पेटी उचलायला वाकले आणि एकदम चरकले. पेटी चाचपली, खिसे चाचपले, टेबलाखाली पाहिलं. घाबरला की शिकलेला माणूस इंग्रजीत जातो.

"माय लॉक! व्हेअर इज माय लॉक?"

"ऑन द ओटा, सर! नियर द रांजण!" दहाच्या दहा जणी ओरडल्या.

हात धुताना ठेवलेलं कुलूप तीन तास उघड्यावर पडलं होतं, किल्लीसकट. मास्तरांनी ते आणून अदबीनं टेबलावर ठेवलं.

"बरं, आता दुसरा प्रश्न..." साहेबांनी घाम पुसला.

"इचारला की तुमी," छबूबाई म्हणाली. "दहा जणींनी उत्तर बी दिलं. मार्क लिवा."

"तो प्रश्न नव्हता, बाई!"

"प्रश्नच हुता. लिवा. मी हितंच हाय, इन फ्रंट ऑफ यू."

आणि ती खरंच तिथून हलली नाही. साहेबांनी एकदा कुलपाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग पेन उघडलं आणि दहा नावांपुढं दहा खुणा केल्या.

महिन्यानं निकाल लागला. कोपऱ्यातलं घमेलं केशरबाईनं उचललं, अंगणात नेलं आणि घारीच्या भ्यानं कोंबडीची पिल्लं त्याखाली झाकली.

"पिल्लं कुठायत, आत्याबाई?" छबूबाईनं मुद्दाम विचारलं.

"अंडर," केशरबाई फणकारली. "म्होरचं तू म्हन!"